१५ लाखांत वापरलेली जर्मन गाडी: गॅरेजच्या बाजूने सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, पुण्यात आयटीत नोकरी, महिन्याला हातात १,१५,००० रुपये, वाकडला २७,००० रुपये भाडं. ऑफिस हिंजवडीत, म्हणजे रोज जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर, तेही ट्रॅफिकमध्ये. महिन्यातून एकदा कराडला घरी. शिल्लक ३ लाख, १२ लाखांचं कर्ज मंजूर होतंय, आणि समोर तीन गाड्या: २०१६ ची बीएमडब्ल्यू ३२०डी, ६२,००० किलोमीटर चाललेली, पुणे पासिंग, १५ लाख, २०१७ ची ऑडी ए४ पेट्रोल, ४८,००० किलोमीटर, मुंबई पासिंग, जवळपास तेवढ्याच किमतीला, आणि २०१५ ची मर्सिडीज सी२२० डिझेल, दिल्ली पासिंग, १२ लाख. यातली कोणती घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात जर्मन गाड्यांचं गॅरेज चालवतो आणि खरेदीआधीची तपासणी हे माझं नेहमीचं काम आहे. आधीच सांगतो, अशी गाडी हवीशी वाटण्यात काहीच गैर नाही. ३२०डी एक्सप्रेसवेवर ज्या ठामपणे चालते ते एकदा अनुभवलं की नवीन क्रेटाच्या शोरूममध्ये मन रमत नाही, हे मला पुरतं समजतं. म्हणून "त्यापेक्षा नवीन मारुती घ्या" असं मी सांगणार नाही. पण तीनपैकी एक निवडण्याच्या आधीचा प्रश्न तुम्ही सोडून दिलाय. ही गाडी घेतल्यानंतर चार-पाच वर्षं ती नीट बाळगता येईल का? गाडी विकत घेण्याची ऐपत बँक ठरवते. बाळगण्याची ऐपत तुम्हालाच ठरवावी लागते.

याचं कारण साधं आहे. तुम्ही बघताय त्या गाड्या नवीन असताना ४० लाखांच्या आसपास किमतीच्या होत्या. गाडीची किंमत आज १५ लाखांवर आली, पण तिच्या पार्टची किंमत ४० लाखांच्या गाडीचीच राहिली. उलट दरवर्षी थोडी वाढलीच. लोअर आर्म, शॉकअ‍ॅब, हेडलाइट, एसी कॉम्प्रेसर यांना तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी देणंघेणं नसतं. मर्सिडीज चाकणला जोडली जाते आणि ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, त्यामुळे महाराष्ट्रात पार्ट स्वस्त मिळत असतील असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. गाडी इथे जोडली जात असली तरी बरेचसे पार्ट बाहेरूनच येतात.

आता तुमचाच हिशेब मांडू. १२ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, १२ टक्के व्याज धरलं (जुन्या गाडीला व्याज नवीनपेक्षा जास्तच लागतं) तर हप्ता २६,७०० च्या आसपास बसतो, आणि ५ वर्षांत निव्वळ व्याज ४ लाख. विमा वर्षाला ४५,००० धरा, म्हणजे महिन्याला ३,७५०. देखभालीला वर्षाला दीड लाख बाजूला ठेवा, म्हणजे १२,५००. हा आकडा जास्त वाटेल, पण यात टायर, बॅटरी, ब्रेक पॅड-डिस्क, बुश हे सगळं आलं. चार रनफ्लॅट टायरच (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) लाखाच्या घरात जातात. महिन्याला हजार किलोमीटर आणि शहरातलं १२ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर डिझेल साडेसात हजार. बेरीज ५०,००० च्या वर जाते. भाडं वजा केल्यावर जेवणखाण, घरी पाठवायचे पैसे, गुंतवणूक, आजारपण या सगळ्यासाठी साडेसदतीस हजार उरतात.

हे जमणारच नाही असं मी म्हणत नाही. घरची जबाबदारी किती, लग्नाचा विचार कधीचा, नोकरी किती स्थिर, हे तुम्हालाच माहीत. पण या मांडणीत मला खटकते ती एकच गोष्ट: ३ लाखांची सगळी शिल्लक डाउन पेमेंटला जाते आहे. वापरलेल्या लक्झरी गाडीचा सगळ्यात महाग काळ बहुतेकदा पहिलं वर्ष असतो, कारण आधीच्या मालकाने विकायचं ठरवल्यापासून पुढे ढकललेली सगळी कामं तुमच्या नावावर येतात. त्याच वर्षी हात रिकामा असेल तर माणूस कामं टाळतो, आणि टाळलेलं काम या गाड्यांमध्ये दुप्पट होऊन परत येतं. थर्मोस्टॅटमधून ठिपकणारं कूलंट वेळीच थांबवलं तर काही हजारांत भागतं. गाडी एकदा गरम होऊन इंजिनचं हेड वाकलं की लाखांत जातं.

म्हणून माझा पहिला सल्ला: बजेट १५ लाखांचं असेल तर गाडी ११-१२ लाखांची बघा आणि निदान अडीच-तीन लाख हातात ठेवा. त्याने गाडी आणखी एक-दोन वर्षं जुनी किंवा एक पायरी खालची मिळेल, पण ती तुम्हाला चालवता येईल. भाव करायला एक मुद्दाही आहे तुमच्याकडे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा नव्या लक्झरी गाड्यांवरचा कर सेससकट ५० टक्क्यांच्या आसपास होता तो ४० टक्क्यांवर आला. नवीन गाडी उतरली की जुनीही उतरायला हवी. जुन्याच भावावर अडून बसलेल्या विक्रेत्याला हे शांतपणे सांगा.

आता इंधनाकडे येऊ, कारण तीनपैकी दोन गाड्या डिझेल आहेत आणि तुमचा रोजचा रस्ता डिझेलला मानवणारा नाही. आजच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. वाकड ते हिंजवडी सात-आठ किलोमीटर, त्यात अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. फिल्टर साफ व्हायला लागणारं तापमान येतच नाही. कराडची फेरी तेवढी मदतीला येईल, पण महिन्यातून एकदा हे थोडं कमीच पडतं. रोज ४०-५० किलोमीटर हायवेने जाणारा कोणी हाच प्रश्न विचारत असता तर मी डोळे झाकून डिझेल सांगितलं असतं. तुमच्यासाठी पेट्रोल बरं. पेट्रोल घेताना इंधनाच्या झाकणाच्या आतला स्टिकर मात्र वाचा. आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांवर ई१० पर्यंतचाच उल्लेख असतो. म्हणून गाडी लगेच बंद पडते असं नाही, पण रबरी पाइप आणि सील यांच्याकडे दर सर्व्हिसिंगला लक्ष ठेवावं लागतं.

तरीही तुमचा जीव ३२०डीवर आहे हे तुमच्या लिहिण्यातून दिसतंय, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगतो. २०१६ ची ३२०डी म्हणजे नेमकी कोणती, हे आधी शोधा. या पिढीची फेसलिफ्ट झालेली, म्हणजे मधल्या काळात थोडी सुधारलेली, गाडी भारतात जानेवारी २०१६ मध्ये आली. त्याआधीच्या गाडीत एन४७ इंजिन होतं, १८४ हॉर्सपॉवरचं; फेसलिफ्टमध्ये बी४७ आलं, १९० हॉर्सपॉवरचं. २०१६ च्या सुरुवातीला रजिस्टर झालेली गाडी या दोन्हींपैकी कोणतीही असू शकते, कारण २०१५ मध्ये बनलेला स्टॉक नंतरही विकला गेला. आरसीवर बनावटीचा महिना असतो तो बघा, आणि चासी नंबर म्हणजे व्हीआयएन टाकून इंजिन कोणतं ते पक्कं करून घ्या. एवढ्यासाठी खटपट का? एन४७ च्या टायमिंग चेनची (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी) कटकट जगभर माहीत आहे, आणि ही चेन इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन चार आकडी किमतीची असो की पाच आकडी, तिथवर पोहोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावं लागतं, आणि खरी मजुरी त्यात जाते. बी४७ मध्येही चेन मागेच आहे, पण तिचं काम पुष्कळ सुधारलेलं आहे. दोन्ही इंजिनांत ऑइल दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदललेलं असेल तर चेन टिकते. डॅशबोर्डवर सूचना येईपर्यंत थांबणाऱ्या मालकाची गाडी असेल तर मी घेऊ देत नाही.

तिच्या गिअरबॉक्सबद्दलही एक गैरसमज आहे. झेडएफचा आठ गिअरचा हा ऑटोमॅटिक अतिशय उत्तम आहे. त्याचं ऑइल 'आयुष्यभरासाठी' आहे, बदलावं लागत नाही, असं मालकांना सांगितलं जातं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांच्या आसपास ऑइल बदलायला सांगते. तुमच्या गाडीची आठ वर्षं उलटून गेली आहेत. फिल्टर आणि खालचा प्लॅस्टिकचा पॅन एकच पार्ट असल्यामुळे काम स्वस्त नसतं. ३५-४० हजार धरून चाला आणि तेवढे किमतीतून कमी करून मागा.

ऑडी ए४, २०१७ ची. भारतात ही पिढी सप्टेंबर २०१६ मध्ये आली, १.४ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर, सात गिअरचा ड्युअल क्लच. तुमच्या रस्त्याला तिन्हींत हीच जास्त जुळते. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, त्यामुळे वयाप्रमाणे तो तपासून बदलावा लागेल. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग ठिपकतं, तिथे कूलंटचे वाळलेले पांढरट-गुलाबी डाग शोधा. गिअरबॉक्सचं ऑइल ६०,००० च्या आसपास बदलायचं असतं. ट्रॅफिकमध्ये हळूहळू पुढे सरकताना गाडी झटका देते का, रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर थांबते का, हे चालवताना मुद्दाम बघा. देत असेल तर तिथेच नमस्कार करा. इथे एक इशारा देऊन ठेवतो: स्वस्तात मिळते म्हणून याच्या आधीच्या पिढीच्या ए४ कडे वळू नका. तिच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिकमध्ये बेल्टऐवजी साखळीवर चालणारा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक), ऑडीच्या भाषेत मल्टिट्रॉनिक, असायचा आणि तो दुरुस्त करणं खर्चाला पुरत नाही.

दिल्लीच्या मर्सिडीजबद्दल फार वेळ घेत नाही. ती ३ लाखांनी स्वस्त का आहे ते बघा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो लागू करायला सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कारवाई करू नका असा अंतरिम दिलासा न्यायालयाने दिला, तरी तिथल्या मालकांच्या मनातली धास्ती गेलेली नाही, म्हणून वय भरत आलेल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत काढल्या जातात. गाडी वाईटच असते असं नाही. पण ती इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा रजिस्ट्रेशन, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला हा कर १५ टक्के आहे. जुनीला वयानुसार कमी होतो, पण हिशेब मूळ किमतीवरून सुरू होतो. दिल्लीत भरलेला कर परत मागता येतो, त्याला वेळ आणि माणूस दोन्ही लागतं. बाहेरच्या पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तेव्हा "चालवा तशीच, कोणी विचारत नाही" असं एजंट म्हणाला तर ऐकू नका. कर, एजंट, ट्रान्सपोर्ट मिळवा. ३ लाखांतले किती उरतात ते तुम्हालाच दिसेल.

ब्रँड कोणताही असो, शेवटी तुम्ही एक विशिष्ट गाडी घेताय, आणि तिचा भूतकाळ तिच्या लोगोपेक्षा महत्त्वाचा. तो वाचायचा कसा ते सांगतो.

सकाळी जा आणि "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर गाडी तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय, कारण काहीतरी लपवायचंय. दुसऱ्या दिवसाची वेळ मागा. थंड असेल तर बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा आणि स्वतः काचेच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या टोकाशी कान द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी पत्र्यावर घासल्यासारखी खडखड आली आणि मग थांबली, तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. गरम इंजिनात हा आवाज अनेकदा येतच नाही, म्हणूनच सकाळचा आग्रह.

मग चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटचा हातभर पट्टा एरवी कधीच बाहेर येत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीची सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण त्या शेवटच्या पट्ट्यावर मातीची फिकट रेघ राहून जाते. त्यानंतर डिकीचं कार्पेट उचला. बीएमडब्ल्यूची बॅटरी तिथेच खालच्या खळग्यात असते आणि त्या खळग्याच्या कोपऱ्यात चिखल साठतो. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का तेही मोबाइलच्या उजेडात बघा. चेन्नई २०१५, सांगली-कोल्हापूर २०१९, बेंगळुरू २०२२, आपल्याकडे सिंहगड रोडची एकता नगरी जुलै २०२४; दर पुरानंतर विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाड्या लिलावात जातात आणि काही महिन्यांनी चकाचक होऊन दुसऱ्या शहरात उभ्या राहतात.

मीटर मागे केलंय का हे नुसत्या डॅशबोर्डवरून कळत नाही. या गाड्यांत किलोमीटरचा आकडा इतर मॉड्यूलमध्येही नोंदला जातो, बीएमडब्ल्यूच्या तर चावीतसुद्धा. योग्य स्कॅनर लावला की आकडे जुळतात की नाही ते दिसतं. त्याच्या जोडीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून व्हीआयएनवरची सर्व्हिस हिस्ट्री मालकाच्या संमतीने काढून घ्या. मालक "फाइल हरवली" म्हणाला तरी कॉम्प्युटरमधली नोंद हरवत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ४८,००० किलोमीटरच्या गाडीवर तिसरा सेट दिसला तर विचारायलाच हवं.

एवढं सगळं स्वतः जमणार नसेल तर तो ब्रँड रोज हाताळणाऱ्या स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन तपासा. काही हजार जातील. विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये मात्र नको, आणि तपासणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊच नका. कंपन्यांचे स्वतःचे वापरलेल्या गाड्यांचे विभाग आहेत, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड. तिथे किंमत जास्त, पण वॉरंटी मिळते. पहिलीच लक्झरी गाडी असेल तर ते जास्तीचे पैसे मला योग्य वाटतात, फक्त तुमच्या बजेटात तिथे पर्याय कमी मिळतील.

विम्याचं एक कलम बहुतेक तरुण ग्राहकांना माहीत नसतं. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, सहज मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो, धातूच्या पार्टवर ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. म्हणजे पुढून साधी धडक बसली, बंपर आणि एक एलईडी हेडलाइट गेला, तरी लाखभराच्या बिलात निम्म्याच्या आसपास तुमच्या खिशातून. गाडी ठरवण्याआधी दोन-तीन कंपन्यांकडून त्याच नंबरचं कोटेशन घ्या आणि इंजिन प्रोटेक्ट मिळतं का विचारा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात इंजिनने पाणी ओढलं तर साधी पॉलिसी ते भरून देत नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही हेही लक्षात असू द्या. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करायला अर्ज करा.

कागदपत्रांत सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का हे बघा, आणि ई-चलान वेगळं तपासा. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे गाडी नावावर झाली असं नसतं, आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत काही रक्कम राखून ठेवा.

आता तुमच्या तीन गाड्यांबद्दल माझं मत. दिल्लीची मर्सिडीज सोडा. ३२०डी बी४७ ची निघाली, ऑइलच्या नोंदी सलग असल्या आणि मालक साडेतेरापर्यंत खाली आला, तर बघण्यासारखी आहे, पण तुमचं घर बदलून रोजचा रस्ता लांबला तरच तिचा खरा फायदा. ऑडीची तपासणी स्वच्छ निघाली तर आजच्या परिस्थितीत मी तिच्याकडे झुकेन, तीही १२ लाखांच्या आत आणि तुमची शिल्लक हातात ठेवून. तेव्हाही हप्ता २६,७०० पर्यंत जातोच.

आणि चौथी एक गाडी यादीत घाला, २०२१ ते २०२३ मधली स्कोडा ऑक्टाव्हिया. २ लिटर टर्बो पेट्रोल, १९० हॉर्सपॉवर, म्हणजे कागदावर तुमच्या ऑडीपेक्षा ४० जास्त. वयाने चार ते सहा वर्षं लहान, त्याच शेंद्र्यात जोडलेली, आणि पार्टचं बिल ऑडीच्या मानाने हलकं. बजेटपेक्षा थोडी वर मिळेल, पण नवी असल्यामुळे पहिल्या वर्षाची राखीव रक्कम कमी लागेल आणि झिरो डेप्रिसिएशनही मिळण्याची शक्यता जास्त. एकदा चालवून बघा, शक्यतो ऑडी चालवली त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर. त्यानंतर ज्या गाडीवर मन बसेल तिचा व्हीआयएन आणि सर्व्हिस हिस्ट्री इथेच टाका, कुठली कामं राहिलीत आणि किमतीतून किती कमी मागायचे ते मी सांगतो.